खेळून पोट भरते काय? : बाळू पालवणकर ते संजय बांगर

स्मरणिकेच्या पानांत आजवर विद्वान, दानशूर, देशभक्त आणि व्यापारधुरीण यांची चरित्रे पुष्कळ छापली गेली. खेळाडूच्या वाट्याला मात्र एखादे छायाचित्र आणि त्याखालचे दोन ओळींचे अभिनंदन यापलीकडे काही आलेले आम्हांस आठवत नाही. यात संपादक मंडळाचा दोष आहे असे नव्हे. आपल्या समाजाची दृष्टीच तशी आहे. गुलमंडीवर ज्याचे दुकान आहे अशा कोणत्याही गृहस्थास विचारावे. मुलगा शाळेच्या संघातून खेळतो हे तो कौतुकाने सांगेल, आणि तोच मुलगा मॅट्रिकनंतरही खेळतच राहणार म्हणाला, तर त्याच गृहस्थाचा चेहरा उतरेल. ‘नवाब’ आणि ‘खराब’ यांचे यमक जुळवून खेळणाऱ्या पोरांना धाक घालणारी म्हण या शहरातील प्रत्येक घराने ऐकलेली आहे. सुपारी हनुमानाला नमस्कार करून परीक्षेस जाणारा मुलगा आणि आमखास मैदानाकडे बॅट घेऊन निघालेला मुलगा यांच्याकडे एकाच डोळ्याने पाहण्याची सवय आपणांस नाही.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न एकच असतो : खेळून पोट भरते काय? हा प्रश्न क्षुद्र आहे असे आम्ही मानीत नाही. घरात चार तोंडे असताना तो विचारणे हे बापाचे कर्तव्यच होय. परंतु या प्रश्नाचा आपल्या महाराष्ट्रापुरता एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे उत्तर देताना आपण अकारण एक तर फार भाबडे होतो, नाही तर फार कठोर. शाळकरी वयात चमकलेला मुलगा पुढे धंदेवाईक खेळाडू कसा होतो, हातपाय थकल्यावर शिक्षक म्हणून कसा टिकतो अथवा टिकत नाही, याचा मागोवा येथे घेण्याचे योजिले आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्याचे दोन खेळाडू एकाच दिवशी भारताच्या कसोटी संघात आले, आणि त्यांच्या वाटा किती भिन्न झाल्या, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. पण प्रथम मूळ पुरुषाकडे वळले पाहिजे.

तो मूळ पुरुष म्हणजे बाळू पालवणकर. जन्म 1876 सालचा, धारवाडचा. घराणे कोकणातील, जात चांभार, वडील लष्कराच्या चाकरीत. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबावर झाडलोट करणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे या मुलाचे पहिले काम. दरमहा वेतन तीन रुपये. तेथून तो गोऱ्यांच्या पूना क्लबावर गेला, आणि वेतन चार रुपये झाले. जाळे ठोकणे, मैदान आखणे ही कामे करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्याच्याकडे आले. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज स्वतःला बाद केल्याबद्दल दर खेपेस आठ आणे देत असे, असे सांगतात. क्लबातील गोरे त्याला तासन्‌तास चेंडू टाकायला लावीत. पण बॅट मात्र त्याच्या हाती क्वचितच आली. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीचा जो अजोड नमुना पुढे विलायतेने पाहिला, तो असा चार रुपयांच्या चाकरीत घडला. शाळा नाही, शिक्षक नाही, विद्यापीठ नाही. केवळ सराव, आणि तोही दुसऱ्याच्या सोयीसाठी केलेला!

पुण्याच्या हिंदू मंडळींना गोऱ्यांचा पराभव करावयाचा होता. त्यासाठी बाळूचा हात हवा होता. परंतु तो हात विटाळाचा होता. मैदानात चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्याला कोणाची हरकत नसे. चहाच्या वेळी मात्र बाळूला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला काय हरकत आहे, हा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी विचारला, तेव्हा कोठे थोडा फरक पडला. येथे आम्हांस एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जातीच्या भिंती खेळाने पाडल्या असे भाषणांतून पुष्कळदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. भिंत पडली नाही. बळी मिळत होते तोवर तिला एक खिडकी ठेवण्यात आली.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. उपजीविकेसाठी त्यांना रेल्वे कंपनीत नोकरी मिळाली आणि ते कंपनीच्या संघातूनही खेळू लागले. रेल्वेची ही नोकरी वाचकांनी ध्यानात ठेवावी. शंभर वर्षांनंतर ती पुन्हा आपल्या कथेत येणार आहे. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून 114 बळी घेतले, दर बळीमागे एकोणीसपेक्षाही कमी धावा देऊन. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते. खांद्याच्या दुखण्याने ते त्रस्त होते, तरीही तेच संघाचे खरे आधारस्तंभ ठरले. महाराज स्वतः थोडेसे सामने खेळून दरबारी समारंभांत रमले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. 1920 साली त्यांना वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. पगारी माणसाने, तेही अस्पृश्य म्हणून गणल्या गेलेल्या घरातल्या माणसाने, जिमखान्यास ‘नाही’ म्हणणे ही त्या काळची लहान घटना नव्हती. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यामुळे या घराण्याची हकिगत मराठीत राहिली. बाळू 1937 च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्या बाबासाहेबांना पूर्वी बाळूंचा अभिमान वाटे, त्यांच्याशीच हा सामना व्हावा, हा काळाचा विचित्र खेळ होय. 1955 साली बाळूंचे निधन झाले.

बाळूंच्या काळी पगारी खेळाडूचे स्थान नोकराचे होते. पुढे ते संस्थानिकांच्या पदरच्या माणसाचे झाले. विजय हजारे यांचे चरित्र त्याची साक्ष देते. सांगलीच्या एका शिक्षकाच्या घरी 1915 साली त्यांचा जन्म झाला. भावंडे आठ. शाळकरी वयातच त्यांचा खेळ लोकांच्या नजरेत भरला. जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यास पाचारण केले होते, त्याच्या हाताखाली हजाऱ्यांना शिकण्यास मिळाले. दोन्ही पॅडांच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची हजाऱ्यांची लकब पुस्तकी नव्हती. ती मोडण्याचा हट्ट ग्रिमेटने धरला नाही. चांगला शिक्षक कशास हात लावतो यापेक्षा कशास लावीत नाही, यावरून ओळखावा.

हजाऱ्यांचे पराक्रम येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. ते सर्वश्रुत आहेत. महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316, पुढे बडोद्याच्या चाकरीत राहून 1947 साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर 577 धावांची भागीदारी, ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके, आणि 1952 साली मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1949 चे होय. त्या वर्षी ते लँकेशायर लीगमधील रॉटनस्टॉल क्लबाचे पगारी खेळाडू म्हणून गेले. या लीगची रचना समजून घेण्याजोगी आहे. गिरण्यांच्या गावांचे लहान लहान क्लब. प्रत्येक क्लबात बाकी सारे हौशी आणि एकच पगारी खेळाडू. शनिवारी सामना. पगारी खेळाडूने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवून त्याच्यासाठी वर्गणी गोळा होई. आठवड्याच्या बाकीच्या संध्याकाळी त्याने क्लबातील पोरांना शिकवावे अशी अपेक्षा असे. म्हणजे खेळाडू आणि शिक्षक ही दोन कामे तेथे एकाच वेतनात बसविलेली होती. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन गावी असाच नऊ हंगाम राहिला. आपल्याकडे ही दोन कामे कायमची वेगळी राहिली, आणि त्याचे दुष्परिणाम आपण भोगले, असे आमचे मत आहे.

या ठिकाणी अमेरिकेच्या बेसबॉलचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. शाळकरी खेळाडूस धंद्यात उतरविण्याची जितकी बारकाईची यंत्रणा त्या देशाने उभारली तितकी क्वचितच कोठे आढळेल. मोठ्या संघांच्या हाताखाली लहान गावांतील संघ बांधून तेथे पोरे घडवावयाची, ही कल्पना 1920 च्या दशकात सेंट लुइसच्या संघात ब्रँच रिकी या गृहस्थाने रूढ केली. 1965 सालापासून हायस्कूल आणि महाविद्यालयांतील मुलांची दरवर्षी रीतसर वाटणी होऊ लागली. 2022 पर्यंत रीत अशी होती, की शेवटच्या क्रमांकावरच्या संघाने प्रथम निवडावे, म्हणजे दुर्बळासही चांगला मुलगा मिळे. निवडलेला मुलगा लगेच मोठ्या मैदानावर जात नाही. सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या त्याला चढाव्या लागतात. रात्ररात्र बसचा प्रवास, तुटपुंजे वेतन, स्वस्त खाणावळी. बहुतेक मुले वरच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. त्यांतील शहाणी मुले तिशीच्या आत शिक्षक होतात. त्या देशाचे पुष्कळसे नामांकित प्रशिक्षक स्वतः मोठे खेळाडू नव्हते. याच रिकीने पुढे जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी तरुणास करारबद्ध केले. रॉबिन्सन शाळेत आणि विद्यापीठात अनेक खेळांत चमकलेला होता. 15 एप्रिल 1947 रोजी तो ब्रुकलिनच्या संघातून उतरला, आणि कित्येक दशकांची वर्णबंदी त्या दिवशी मोडली. बाळू पालवणकरांना मंडपाबाहेर चहा मिळण्याच्या काळानंतर अर्धशतकाने त्या प्रगत देशात हे घडावे, याची नोंद आपल्याकडील आत्मनिंदकांनी अवश्य घ्यावी.

बेसबॉलच्या धंद्यात उतरलेला मराठी मुलगा आमच्या पाहण्यात नाही. 2008 साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटूंना एका स्पर्धेतून निवडून अमेरिकेस नेण्यात आले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. भाला फेकणारा हात चेंडू फेकू शकेल असा तो हिशेब होता. दोघेही खालच्या पायऱ्यांवरच राहिले. आपल्याकडे त्या जागी क्रिकेट आहे, आणि क्रिकेटची आपली पायरी म्हणजे सरकारी नोकरी!

आता मराठवाड्याकडे येऊ. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. क्रिकेटचे जे काही वैभव होते ते हैदराबाद-सिकंदराबादेत. मोईनुद्दौला चषकाचे सामने तेथेच होत. औरंगाबादेत छावणी होती, मैदाने होती, परंतु निवड करणारी मंडळी येथून तीनशे मैलांवर. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्र झाला. खेळापुरते पाहिले तर हैदराबादची दूर असलेली कचेरी जाऊन पुण्याची कचेरी आली. पुणे हैदराबादपेक्षा जवळ खरे, पण गुलमंडीच्या बोळात टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलाला तेही दूरच वाटे. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. मराठवाड्यातून जे थोडे वर आले त्यांनी किती अंतर तोडले हे कळावे म्हणून लिहितो.

संजय बांगर यांचा जन्म 11 ऑक्टोबर 1972 रोजी बीड येथे झाला. कुमारवयात ते महाराष्ट्राच्या आणि पुढे मुंबईच्या वयोगटांतील संघांतून खेळले. परंतु मुंबईच्या मुख्य संघाचे दार त्या काळी उघडणे सोपे नव्हते. ज्या संघात एका जागेसाठी पाच शतकवीर उभे असत, तेथे मध्यमगती चेंडू टाकणारा आणि संयमाने खेळणारा फलंदाज कोणाच्या ध्यानात येणार? तेव्हा त्यांनी रेल्वेची वाट धरली. 1958 सालापासून रणजी स्पर्धेत खेळणारा रेल्वेचा संघ हा नेहमीच अशा मुलांचे आश्रयस्थान ठरला. आपापल्या राज्यांत जागा न मिळालेली, नोकरीची निकड असलेली, प्रांतोप्रांतीची मुले तेथे एकत्र येत. प्रसिद्धी कमी, पण पहिल्या तारखेला पगार. बाळू पालवणकरांना ज्या व्यवस्थेने पोटाला भाकरी दिली, तिचीच ही पुढची आवृत्ती. गंमत अशी, की बांगर रेल्वेकडून खेळत होते त्या सर्व काळात त्यांच्या जन्मगावी, बीड शहरात, आगगाडी पोचलेली नव्हती!

रेल्वेत त्यांनी सलामीला यावे, चेंडू जुना करावा, मग स्वतः आठ-दहा षटके टाकावी, असे कष्टाचे काम पत्करले. 2000-01 च्या हंगामात रेल्वेचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत गेला आणि बडोद्याकडून थोडक्यात हरला. पुढच्याच वर्षी त्याच बडोद्यास हरवून रेल्वेने प्रथमच करंडक जिंकला. 2004-05 साली पुन्हा एकदा. पैशाने आणि नावाने मोठ्या असलेल्या संघांच्या नाकावर टिच्चून मिळविलेले हे यश, आणि त्यात बांगर यांचा वाटा पायाच्या दगडाचा होता.

डिसेंबर 2001 मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. भारताकडून तिघांनी पदार्पण केले : बीडचे संजय बांगर, औरंगाबादचे इक्बाल सिद्दिकी आणि केरळचे टिनू योहानन. ज्या मराठवाड्यातून कसोटीपर्यंत मजल मारणे हेच दुर्मीळ, तेथील दोघे एकाच सकाळी कसोटीवीर झाले! सिद्दिकींचा जन्म 1974 चा, याच शहरातला. वेगवान गोलंदाज, महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे राबलेले, प्रथम श्रेणीत त्यांचे तीनशेहून अधिक बळी आहेत. मोहालीत त्यांना एकच बळी मिळाला, पण फलंदाजीत पहिल्या डावात त्यांनी 24 धावा केल्या. बांगर यांनी 36 केल्या. अनिल कुंबळे यांनी दुसऱ्या डावात सहा बळी घेऊन इंग्लंडला गुंडाळले आणि भारतास विजयासाठी अवघ्या पाच धावा हव्या होत्या. कर्णधाराने सलामीस सिद्दिकींना पाठविले. त्यांनी त्या पाचही धावा स्वतः काढल्या आणि भारत दहा गडी राखून जिंकला. कसोटीच्या इतिहासात पदार्पणाचा असा शेवट फार थोड्यांच्या नशिबी आला असेल.

आणि ती त्यांची शेवटचीच कसोटी ठरली. पुढच्या सामन्यात अनुभवी गोलंदाज परतले. सिद्दिकींना पुन्हा बोलावणे आले नाही.

बांगर यांना मात्र आणखी अकरा कसोट्या मिळाल्या. फेब्रुवारी 2002 मध्ये नागपुरात झिंबाब्वेविरुद्ध त्यांनी नाबाद 100 धावा केल्या. पण त्यांचे नाव ज्यामुळे राहील तो डाव हेडिंग्लेचा. ऑगस्ट 2002. इंग्लंडविरुद्ध भारत मालिकेत मागे. आभाळ भरून आलेले, खेळपट्टी ओलसर, चेंडू दोन्ही बाजूंस वळणारा. अशा दिवशी नाणेफेक जिंकून सौरव गांगुली यांनी फलंदाजी घेतली. वासिम जाफर यांना बसवून सलामीला बांगर यांना धाडण्यात आले. तेही मुख्यतः ते गोलंदाजी करू शकतात म्हणून. वीरेंद्र सेहवाग लवकर बाद झाले. मग राहुल द्रविड आणि बांगर उभे राहिले. चेंडू अंगावर घेतले, पुष्कळसे सोडून दिले, काही हुकले. सव्वादोनशेहून अधिक चेंडू खेळून बांगर यांनी 68 धावा केल्या. आजच्या वीस षटकांच्या जमान्यातील पोरांना हा आकडा सांगितला तर ती हसतील. त्या दोघांची भागीदारी 170 धावांची झाली. ढग पांगले, चेंडू जुना झाला, आणि मग सचिन तेंडुलकर यांनी 193, गांगुलींनी 128 धावा लुटल्या. द्रविड यांचे 148. भारताने 8 बाद 628 वर डाव सोडला आणि एक डाव व 46 धावांनी सामना जिंकला. तिघा शतकवीरांची छायाचित्रे सर्व वृत्तपत्रांत आली. बांगर यांच्या 68 धावा ज्याने पाहिल्या त्यालाच त्यांची किंमत माहीत. गुलमंडीच्या भाषेत सांगावयाचे तर, दुकानाची बोहनी ज्याने केली त्याचे नाव संध्याकाळच्या हिशेबात येत नाही.

त्याच वर्षअखेर न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर बाकीच्यांप्रमाणे तेही अपयशी झाले. बारा कसोट्या, 470 धावा, सात बळी. 2003 च्या विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेस गेलेल्या संघात ते होते, पण एकही सामना खेळावयास मिळाला नाही. मग पुन्हा रेल्वे. येथेच आमच्या मते त्यांच्या चरित्राचा सर्वांत अनुकरणीय भाग आहे. तीस-एकतीस वर्षांच्या वयात देशाच्या संघातून गळालेला मनुष्य आणखी सुमारे दहा वर्षे, रिकाम्या मैदानांवर, थंडीच्या दिवसांत, रणजीचे सामने खेळत राहिला. 2013 साली निवृत्त झाले तेव्हा प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर आठ हजारांहून अधिक धावा आणि तीनशे बळी जमा होते.

शिकविणे हा खेळाडूचा दुसरा जन्म होय; पण तो प्रत्येकास लाभत नाही, आणि पहिल्या जन्मीच्या पुण्याईवर तो अवलंबूनही नसतो. शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळले, तोही स्टेट बँकेकडून आणि आपल्या जुन्या हैदराबादच्या मोईनुद्दौला चषकात. परंतु स्टंपवर रुपया ठेवून, ‘बाद न होशील तर तुझा’ म्हणून ते मुलाला उभा करीत आणि त्यातून तेंडुलकर घडले. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आचरेकरांची शिकवण पोरांसाठी होती. बांगर यांच्या वाट्याला आलेले काम निराळे. आधीच नावारूपास आलेल्या, कोट्यधीश झालेल्या फलंदाजांना शिकवावयाचे. तेथे रुपया ठेवून भागत नाही.

2014 साली पंजाबच्या आयपीएल संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले, आणि जो संघ कोणाच्या खिजगणतीत नव्हता तो साखळीत पहिला येऊन अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्याच ऑगस्टमध्ये त्यांना भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक नेमण्यात आले. वेळ मोठी कठीण होती. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये विराट कोहली यांच्या दहा डावांत मिळून 134 धावा झाल्या होत्या. बाहेर जाणाऱ्या चेंडूस बॅट लावून ते पुनःपुन्हा झेल देत होते. पुढच्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी चार कसोटी शतके काढली आणि 2018 साली त्याच इंग्लंडमध्ये 593 धावा केल्या. याचे श्रेय कोहलींचे. शिक्षकाचे किती, हे मोजण्याचे माप कोणाकडे नाही. परंतु उभे राहण्याची ढब, पुढच्या पायाची दिशा, चेंडू किती उशिरा खेळावा, या गोष्टींवर त्या दोघांनी तासन्‌तास काम केले होते. हेडिंग्लेला चेंडू सोडण्यात ज्याने आयुष्यातील सर्वोत्तम दिवस घालविला, त्याच्याहून चेंडू सोडण्याचा चांगला शिक्षक कोण मिळणार? 2016 साली झिंबाब्वे आणि 2017 साली वेस्ट इंडीज येथे ते काही काळ मुख्य प्रशिक्षक म्हणूनही गेले.

या धंद्याची दुसरी बाजू 2019 साली दिसली. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध भारताचे पहिले तीन फलंदाज प्रत्येकी एका धावेवर बाद झाले आणि सामना गेला. त्यानंतर मुख्य प्रशिक्षक राहिले, गोलंदाजीचे राहिले, क्षेत्ररक्षणाचे राहिले. बदलले गेले ते केवळ फलंदाजीचे प्रशिक्षक. पाच वर्षांचे काम एका सकाळच्या पाऊण तासावर तोलले गेले. मैदानावरच्या खेळाडूस निदान स्वतःची बॅट तरी हाती असते. प्रशिक्षकाचे भवितव्य दुसऱ्याच्या बॅटवर! पुढे 2021 पासून बंगळूरच्या आयपीएल संघाकडे प्रथम सल्लागार आणि मग मुख्य प्रशिक्षक. 2023 साली तेथेही बदल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पंजाबने त्यांना क्रिकेट विकासाच्या कामासाठी परत बोलाविले.

आता पुन्हा गुलमंडीवरच्या त्या गृहस्थाकडे येऊ. तो म्हणेल, ‘बांगर एक झाले, बाकीच्यांचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. मोहालीच्या तिघांचाच हिशेब मांडला तरी तो पटतो. योहानन यांना तीन कसोट्या मिळाल्या; 1974 च्या तेहरान आशियाई स्पर्धेत लांब उडीत सुवर्णपदक मिळविणाऱ्या टी. सी. योहानन यांचे ते चिरंजीव, आणि पुढे केरळच्या संघाचे प्रशिक्षक झाले. सिद्दिकींना एक कसोटी मिळाली. तिघांच्या गुणांत इतके अंतर होते असे आम्हांस वाटत नाही. ज्यास दोन्ही कामे येत होती आणि ज्याच्या मागे पगाराची नोकरी होती, त्यास थांबणे परवडले. थांबणे परवडते म्हणूनच दुसरी संधी येईपर्यंत माणूस मैदानावर सापडतो.

म्हणून मुलास खेळू द्यावे की नाही हे विचारणाऱ्या पालकांस आम्ही उलट दोन-चार प्रश्न विचारतो. शाळेत मैदान आहे काय? असल्यास संध्याकाळी त्याला कुलूप असते काय? शिकविणारा मनुष्य पगारी आहे, की गणिताच्या मास्तरांच्या गळ्यात शिटी अडकविली आहे? रेल्वे, पोलीस, बँका यांच्या खेळाडू-भरतीच्या जाहिराती कोणी वाचतो काय? आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती-निधीतून पुस्तकांसाठी रक्कम दिली जाते. बुटांसाठी आणि पुण्याच्या निवड-चाचणीच्या प्रवासभाड्यासाठी ती का दिली जाऊ नये, हा प्रश्न आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवू इच्छितो. चाचणीस निघालेल्या मुलाला पहाटेची बस पकडून, दुपारी मैदानावर उतरून, न जेवता दहा चेंडू टाकावे लागतात, आणि त्या दहा चेंडूंवर त्याचे वर्ष ठरते.

मोहालीच्या त्या सामन्याच्या धावफलकावर भारताच्या दुसऱ्या डावात दोनच नावे आहेत. दीप दासगुप्ता, नाबाद शून्य. इक्बाल सिद्दिकी, नाबाद पाच.